दुखणं गेल्याचा पुरावा

डंपर चालवणाऱ्या माणसाचा खांदा कामातून जाते, हे आमच्या चुनखडीच्या खाणीत कोणालेच मंजूर नाई. पाय मोडला तं दिसते. सुरुंगाच्या आवाजानं कान गेला तं मशीन लावून मोजते. पण खांदा? तो वरून चांगला गोल दिसते. एक्स-रे काढला, साफ. दुसरा काढला, त्याच्याहून साफ. अन् इकडं मायी उजवी करंगळी दिवसभर सुन्न, हात डोक्यावर नेला का मानेपासून कोपरापर्यंत आग, अन् चहाचा कप हातातून कधी सुटन याचा नेम नाई. दोन वर्षं हे चाललं. मी देवाजी, एकवीस वर्षं नोकरी झालेला सीनियर ऑपरेटर, अन् सकाळी मायी बायको सत्यशीला माया शर्टाचे बटन लावून देत होती.

"कामचोर" हा शब्द मी पाठीमागून इतक्या खेपा ऐकला का आता कोणी देवाजी म्हटलं तं मले परकं वाटे. तोंडावर कोणी म्हणे ना. तोंडावर सारे विचारत, "काय भाऊ, कसा आहे खांदा?" अन् हसत. अरे, हसता काऊन? मायं दुखणं काय तुमच्या मनोरंजनासाठी आहे?

मले पेन्शन नोती पाह्यजे, पैसा नोता पाह्यजे. मायं एकच मागणं होतं, मले डंपरवरून उतरवा अन् वजनकाट्यावर बसवा. का म्हणसान तं सांगतो. श्रावणात एकदा भरला डंपर घेऊन वर चढून राह्यलो होतो. वळणावर माया हात स्टेअरिंगवरून आपोआप गळला. साठ टन माल. गाडी कडेच्या मातीच्या बांधाले जाऊन टेकली म्हणून वाचलो. खाली तिघंजण पाइप जोडत होते. त्यायले पत्ताच नाई लागला. मी मात्र त्या दिवसापासून त्या वळणावर आलो का डावा हात उजव्यावर दाबून धरतो. आज ना उद्या कोणीतरी माया हातून मरते, ही भीती माया पोटात बसली होती.

वजनकाट्यावर बसवाचं का नाई, हे मेडिकल बोर्ड ठरवते. बोर्डाची चिठ्ठी आली गुरुवारी. शनिवारी दुपारी तीन वाजता, गडचांदूरले, कंपनीच्या दवाखान्यात, 'सर्व ताज्या तपासण्यांसह' हजर व्हा. आता ताजी तपासणी आणू कुठून? पण नशिबानं त्याच शनिवारी चंद्रपूरले नागपूरच्या एक डॉक्टरीण मॅडम येणार होत्या. महिन्यातून दोनदाच येतात. नसांच्या दुखण्यातल्या मोठ्या आहेत असं ऐकलं होतं.

हेमराजनं मले आपल्या मोटरसायकलवर नेलं. हेमराज मायाच शिफ्टचा ऑपरेटर. दिवाळी ते होळी हा माणूस झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक असते. वडशाच्या एका नाटक कंपनीत तेरा वर्षं झाली. आवाज असा का माइक बंद पडला तरी पेंडॉलच्या बाहेर चहा विकणाऱ्याले डायलॉग ऐकू जाते. दोन वर्षांत साऱ्या खाणीत माया बाजूनं हा एकटाच उभा राह्यला. अर्ज त्यानं लिहून दिले, साहेबांशी भांडला तो, अन् कोणी मले काही म्हटलं तं कॉलर धराले पुढं तोच. सख्खा भाऊ काय करन एवढं त्यानं केलं.

मॅडमनं माया एक्स-रे पाह्यलाच नाई. त्यायनं सरळ माया गळ्याच्या हाडावरच्या खड्ड्यात बोट दाबलं, अन् मी असा ओरडलो का बाहेरचा कंपाउंडर आत आला.

"इथेच?" मॅडम म्हणाल्या.

"तिथीच, मॅडम! दोन वर्षांत तिथी कोणं बोटच नाई लावलं!"

मंग त्यायनं समजावून सांगतलं. मानेतून हाताकडं जाणाऱ्या नसा दोन स्नायूंच्या फटीतून जातात. माया स्नायू आखडला, फट बारीक झाली, नस दबली. नस एक्स-रेत दिसत नाई, म्हणून तो साफ येते.

"आता त्या स्नायूत मी बधिर करणारं औषध सोडते," त्या म्हणाल्या. "तो सैल पडेल, नस मोकळी होईल. दुखणं गेलं, तर रोग तिथेच आहे हे पक्कं."

"अन् मंग मी बरा?"

"नाही हो. हा इलाज नाही, ही चाचणी आहे. चार-पाच तासांनी औषध उतरेल आणि पुन्हा दुखेल. त्यानंतर काय ते व्यायाम, नाहीतर ऑपरेशन. आणि त्या चार-पाच तासांत काहीही उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही."

अकरा वाजता सोनोग्राफीच्या मशीनवर पाहून त्यायनं सुई टोचली. टोचताना थोडी आग झाली, मंग थंड. दहा मिनिटांनी म्हणाल्या, हात वर करा. मी भीत भीत खांद्यापर्यंत नेला. काई नाई. कानापर्यंत नेला. काई नाई. मंग सरळ वर, छताकडं. आईशपथ, मले दोन वर्षांपासून माया स्वतःचा हात असा डोक्यावर दिसला नोता. मी तिथीच रडलो. मॅडमनं कागदावर लिहिलं, सुईआधी वेदना दहापैकी नऊ, सुईनंतर शून्य, चाचणी पक्की. खाली सही-शिक्का. मी तो कागद छातीशी धरून बाहेर आलो. पुरावा होता तो. माया दुखण्याचा पहिला लेखी पुरावा.

खिशातून कंगवा काढून मी दवाखान्याच्या काचेत पाहून भांग पाडला. मंग सत्यशीलाले फोन केला.

"आज मी शर्टाचे बटन माया हातानं लावले."

"काढले कोणं होते?" ती म्हणे.

"नर्सबाईनं."

"हं. तरीच आवाजात एवढी खुशी आहे."  मले ऐकू येत होतं का ती नाक पुसून राह्यली आहे.

राजुऱ्यापर्यंत मी मोटरसायकलवर मागं बसून हात वरच धरून होतो. उगाच. मजा म्हणून. एक बोलेरोवाला थांबला, त्याले वाटलं याले लिफ्ट पाह्यजे. हेमराज शिव्या देत होता, "अगा, खाली कर ना हात, लोकं पाहून राह्यले!" पाहू दे ना. राजुऱ्याले आम्ही आलूबोंडे खाल्ले. उजव्या हातानं कप धरून मी चहा पेलो, अन् आणखी एक कप मागवून तोबी उजव्याच हातानं पेलो. रस्त्यानं कापसाचे वावरं पांढरे होऊन राह्यले होते. मले सारं जग चांगलं वाटत होतं.

दोन वाजता गडचांदूरले पोचलो. बोर्डाची खोली दवाखान्याच्या वरच्या माळ्यावर. बाहेर बाबूचं टेबल. मी ऐटीत कागद दिला. बाबूनं चष्मा लावून वाचला अन् माया तोंडाकडं पाह्यलं.

"वेदना शून्य. वा! अभिनंदन भाऊ. मंग इथी काऊन आले?"

"शून्य म्हणजे सुईनं शून्य झाली. म्हणजेच रोग आहे."

"दुखत नाई म्हणून रोग आहे?"

"हो."

"अन् दुखत असतं तं रोग नसता?"

"तिथला नसता. दुसरीकडचा राह्यला असता."

बाबूनं कागद फायलीत ठेवला अन् हळूच म्हणे, "भाऊ, मले काय, मी कारकून आहे. पण आतमधी हात वर कराले लावतात. तुमचा हात गेला का वर, तं झाले तुम्ही फिट. सोमवारी सकाळी सहाची पाळी."

मायी खुशी तिथीच उतरली. मी बाकावर बसलो अन् हळूच हात वर करून पाह्यला. गेला! सरळ वर गेला, मेला! दोन वर्षं जो हात वर जात नोता तो आज झेंड्यावानी उभा. मी मॅडमले फोन लावला. तिथली पोरगी म्हणे, मॅडम ऑपरेशनमधी आहेत, सहा वाजता करा. सहा वाजता काय करू, बोर्डाले हार घालू?

मंग मी हिशेब केला. अकराची सुई. चार तास म्हणजे तीन, पाच तास म्हणजे चार. मले फक्त वेळ काढाचा होता. तीनले पहिलं नाव मायं पुकारलं. माया मागं दसरू होता, कान गेलेला ड्रिलर. मी त्याले ढकललं. "जा बाबा, तू आधी जा." त्याले ऐकू नाई आलं, म्हणून हाताले धरून आत नेऊन सोडलं. मंग कमरेवाला गेला, मंग दम्यावाला, मंग एक बाई होत्या कॅन्टीनच्या. सारे म्हणत, देवाजीभाऊसारखा दिलदार माणूस नाई. अन् मी दर पाच मिनिटांनी जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन हात वर करत होतो अन् देवाले म्हणत होतो, येऊ दे बापा, थोडंसं तरी येऊ दे. दोन वर्षं मी ज्या देवाले दुखणं ने म्हटलं, त्यालेच आता दुखणं दे म्हणत होतो. त्याचंबी डोस्कं फिरलं असन.

साडेतीन झाले. काई नाई. पावणेचार. करंगळीतबी मुंगी नाई. मॅडमचं औषध मोठं इमानदार निघालं.

"असं बसून जमणार नाई," हेमराज म्हणे. "चाल."

त्यानं मले खाली सायकल स्टँडच्या मागं नेलं.

"दुखून दाखव."

"म्हणजे?"

"म्हणजे आतमधी दुखाचं आहे ना तुले? मंग दाखव मले, कसं दुखते."

मी हात थोडा वर केला अन् "आई गं" म्हटलं.

हेमराजनं कपाळावर हात मारला. "हे काय हे? मच्छर चावला काय? पाह्य, पहिले डोळे. मंग श्वास. मंग हात. हात खांद्यापर्यंत आला का थांबाचं, थरथर कराचं, अन् मंग आवाज. आवाज पोटातून काढाचा. मागच्या रांगेतल्या म्हातारीले समजलं पाह्यजे का याचा जीव चालला."

"आतमधी म्हातारी नाई गा, तीन साहेब आहेत, टेबलाच्या पलीकडं."

"मंग तं आणखी जोरात."

मी म्हटलं, नाटक काऊन करू, मले खरं कसं दुखते तसंच करतो. अन् डोळे मिटून आठवाले गेलो. पण गंमत अशी का मले आठवेच ना. दोन वर्षं जे रातदिस सोबत होतं, ते पाच तास नाई दिसलं तं त्याचं तोंडच आठवेना. आग होती म्हणून माहीत होतं, कशी होती ते सांगता येईना. शेवटी मी हेमराजचंच दुखणं पाठ केलं. डोळे, श्वास, हात, थरथर, आवाज.

सव्वाचारले मायं नाव पुन्हा पुकारलं. आता बाकावर कोणी उरलंच नोतं.

आत टेबलामागं मोठे डॉक्टर, त्यायच्या बाजूले एच.आर.चे साहेब, अन् एक सेफ्टीवाले. एच.आर. साहेब सिंदेवाहीकडचे, म्हणजे झाडीपट्टीतलेच. डॉक्टरांनी मायी फाइल उघडली होती अन् मॅडमचा कागद वाचून राह्यले होते. वाचून झाल्यावर त्यायनं मान वर केली. चेहरा चांगला होता त्यायचा, हे मी आता सांगतो. तवा मायं ध्यानच नोतं. मी मनात डोळे, श्वास, हात करून राह्यलो होतो.

"बसा. आता कसं आहे?" डॉक्टर म्हणाले.

"लय दुखते, साहेब."

डॉक्टरांनी कागदाकडं पाह्यलं, मंग मायाकडं. "आत्ता दुखतंय?"

"जीव जाते."

"हात वर करा पाहू."

मी डोळे मोठे केले. श्वास घेतला. हात खांद्यापर्यंत आणला, थांबवला, थरथरवला, अन् पोटातून आवाज काढला. आवाज असा निघाला का मीच दचकलो. सेफ्टीवाल्याच्या हातातला पेन पडला. मी एक पाय मागं घेतला, डाव्या हातानं छाती धरली, अन् हेमराजनं सांगतलं नोतं तरी माया तोंडून निघालं, "अरे देवा, यापेक्षा मरण का नाही दिलंस!"

अस्सल पुणेरी 'दिलंस'. जन्मात मी कधी असं बोललो नोतो.

 मंग एच.आर. साहेब हळूच म्हणाले, "दुसऱ्या अंकाचा शेवट आहे हा. मागच्या सीझनले हेमराजचा असाच होता. मी पाह्यला."

मोठे डॉक्टर हसले नाईत. त्यायनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"देवाजी, ही चाचणी काय असते ते मला माहीत आहे. बधिर केल्यावर दुखणं गेलं म्हणजे नस तिथेच दबतेय. औषध उतरेपर्यंत तुम्हाला दुखणार नाही, हे यात लिहिलंय. तुम्ही आत येऊन नुसतं म्हणाला असतात की साहेब, आत्ता दुखत नाही, पण रात्री दुखेल, तर मी या कागदावर सही करून तुम्हाला वजनकाट्यावर पाठवलं असतं. मी ठरवलंच होतं."

मी हात जोडले. "साहेब, खरं सांगतो, आता नाई दुखत! मघाशी खोटं बोललो!"

"तेच तर."

"पण आधी खरंच दुखत होतं! दोन वर्षं! वळणावर माया हात सुटला होता, साहेब, खाली माणसं होती!"

"ते तुम्ही कधी कळवलं होतं?" सेफ्टीवाले म्हणाले. नोतं कळवलं. कळवलं असतं तं मेमो आला असता.

डॉक्टर म्हणाले, "जो माणूस माझ्यासमोर खोटं दुखून दाखवतो, त्याच्या खऱ्या दुखण्यावर मी सही कशी करू? आणि या कागदातला नऊचा आकडा तरी कोणी सांगितला? तुम्हीच ना?" त्यायनं लिहिलं. फिट. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल. मले सही कराले लावली. सही मी उजव्या हातानं केली, एकदम सरळ, दोन वर्षांतली सगळ्यात चांगली सही.

बाहेर आलो. बाकावरचे सारे लोक जिन्याखाली चहा पेत उभे होते, निकाल ऐकाले थांबले होते. हेमराज जिन्याच्या खालच्या पायरीवर. मी कठड्याले हात लावून उतराले लागलो अन् चौथ्या पायरीवर ते आलं.

पहिले करंगळीत. मंग कोपरात. मंग मानेतून असं खाली उतरलं का कोणी तापली तार ओढली. पाच तास नस मोकळी होती म्हणून का काय, पण एवढं मले कधी दुखलं नोतं. हात कठड्यावरून सुटला. मी पायरीवर बसलो. आवाज निघालाच नाई. तोंड उघडं अन् आवाज नाई, डोळ्यांतून आपोआप पाणी, अन् हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला.

खाली हेमराज पाहतच राह्यला. मंग हळूहळू त्याच्या तोंडावर असं कौतुक आलं, जसं स्वतःच्या पोट्ट्याचा पहिला नंबर आला.

"बाप्पा!" तो म्हणे. "हे! हे पाह्यजे होतं! आवाजच नाई काढला! अगा, आतमधी हेच काऊन नाई केलं?"

दम्यावाल्यानं टाळी वाजवली. मंग कॅन्टीनच्या बाईनं. दसरूले काय चाललं ते समजलं नाई, पण साऱ्यायले पाहून त्यानंबी वाजवली.

"हेमराज," मी दात खाऊन म्हटलं, "औषध उतरलं."

"हो हो, तसंच म्हण, तोंड तसंच ठेव—"

"हेमराज! दुखून राह्यलं!"

तो पायऱ्या चढून मायाजवळ आला. माया हात उचलून पाह्यला. करंगळी थंड अन् पांढरी. त्यानं हात सोडला तं तो दगडावानी खाली पडला. हेमराजच्या तोंडावरचं कौतुक गेलं.

"मंग..." तो म्हणे, "तुले खरंच दुखते काय गा?"

 दोन वर्षं. अर्ज, भांडणं, लोकांच्या कॉलरी, राजुऱ्याचे आलूबोंडे.

"तुले काय वाटत होतं?"

"मले वाटलं..." तो खाली पाहून म्हणे, "मी नाई का दरवर्षी दिवाळीले कंबर धरून रजा घेतो? मले वाटलं तुयंबी तसंच. म्हटलं, आपला माणूस आहे, साथ द्याची."

 खांदा सोडून आतमधी आणखी एका जागी दुखाले लागलं होतं अन् तिथी कोणाची सुई पोचली नसती.

हेमराज तसाच जिना चढून धावत वर गेला. दार ढकलल्याचा आवाज आला. मंग त्याचा आवाज. तो रडून सांगत होता का साहेब, माया मूर्खपणा झाला, त्याले मीच शिकवलं, त्याले खरंच दुखते, मले आत्ता समजलं, बाहेर येऊन पाहा, पाया पडतो साहेब, सोमवारी त्याले डंपरवर नका बसवू. माया लेकराची शपथ. मी त्याले तेरा वर्षं नाटकात ऐकलं, पण असा आवाज त्याचा कधी ऐकला नोता. फाटका, बारीक. मागच्या रांगेले गेलाच नसता.

मंग एच.आर. साहेबांचा आवाज आला, "हेमराज, तुझ्या कमरेचं कसं आहे यंदा?" अन् आत तिघंबी हसले.

तो खाली आला तवा त्याचे डोळे लाल होते. खाली उभ्या लोकांनी त्याच्यासाठीबी टाळ्या वाजवल्या. तो माया बाजूले पायरीवर बसला.

"कोणी मानतच नाई गा," तो म्हणे. "खरं सांगून राह्यलो तं कोणी मानतच नाई."

त्याले पाच मिनिटं झाले होते, मले दोन वर्षं. मी म्हटलं, मायं वरचं बटन उघडं आहे, तेवढं लावून दे, अन् गाडी काढ.